मुलांच्या खोलीसाठी रग घेताय? आधी फरशी बघा, मग रंग

मुलगा किंवा मुलगी नववी-दहावीत गेली की घरात दोन मागण्या हमखास येतात. पहिली स्वतःच्या खोलीची. दुसरी, त्या खोलीत अंथरायला मोबाइलवर बघितलेल्या फोटोसारखा जाड, मऊ, लांब केसांचा रग. पहिली मागणी सगळ्यांना पुरी करता येतेच असं नाही. अनेक घरांत मधल्या खोलीचा एक कोपराच पडदा लावून मुलांना दिला जातो. दुसरी मागणी मात्र सोपी वाटते. दुकानात जायचं, रंग पसंत करायचा, गुंडाळी काखेत मारून घरी यायचं.

चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्यांनी इथेच जरा थांबावं. फोटोतला तो रग थंड, कोरड्या देशातल्या लाकडी जमिनीसाठी बनलेला असतो. आपल्याकडे खाली टाइल्स किंवा दगडी फरशी, वर कूलर, बाहेर कोळशाची धूळ आणि त्यानंतर चार महिन्यांचा पाऊस. शिवाय त्याच खोलीत अभ्यास, झोप आणि नमाज, तिन्ही होतात. अशा खोलीसाठी पातळ, दोन्ही बाजूंनी सारखी, घरी धुता येणारी सुती दरी, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत सतरंजी, हीच सगळ्यात कामाची वस्तू आहे. का, ते पुढे सांगतो. ज्यांना तरीही गालिचाच घ्यायचा आहे, त्यांनाही काही गोष्टी उपयोगी पडतील.

आपली हवा आणि आपली धूळ

चंद्रपूर शहराला औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी आणि आसपासचे सिमेंट कारखाने यांनी वेढलंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी काढली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होतं. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर इथल्या घरात सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोट फिरवलं तर बोट काळं होतं, हे कुणाला सांगायला नको. तीच धूळ रगमध्ये बसते. लव जितकी लांब तितकी धूळ खोल. वरून झाडू मारला की थोडी धूळ हवेत उडते आणि बाकीची आणखी आत जाते. ज्या मुलाला दमा आहे किंवा सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात, त्याच्या पलंगाशेजारी असा रग म्हणजे धुळीची गादीच. त्या घरांनी लांब लवेचा विचारही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ओलावा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि घराघरात कूलर सुरू होतात. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळूनच. बंद खोलीत रात्रभर कूलर चालला की चादरीसुद्धा दमट लागतात, मग जमिनीवरच्या रगचं काय होत असेल? त्यात कूलरची टाकी भरताना सांडलेलं पाणी आणि जाळीतून उडणारे थेंब. म्हणजे ज्या महिन्यांत बाकीच्या महाराष्ट्रात गालिचे कोरडे असतात, त्याच महिन्यांत विदर्भात ते ओले होतात. लगेच पावसाळा येतो आणि कोरडं व्हायला ऑक्टोबर उजाडतो.

(जाता जाता एक गोष्ट. कूलरसमोर रग टाकूच नका. ओल्या कापडावर अनवाणी उभं राहून कूलरच्या पत्र्याला हात लावणं जिवावर बेतू शकतं. त्या जागेची जमीन मोकळी आणि कोरडी ठेवा, आणि पाणी भरताना प्लग काढा.)

नदीकाठच्या वस्त्यांसाठी आणखी एक हिशेब आहे. इरईला पूर आला की चंद्रपूरच्या रहमतनगर, सिस्टर कॉलनी भागात पाणी शिरतं. जुलै २०२२ मध्ये ते अनेकांनी भोगलंय. गडचिरोलीत वैनगंगा, प्राणहिता, गोदावरीच्या काठावर हीच गत. पाणी वाढतंय असा निरोप आला की घरातल्या दोन माणसांनी कागदपत्रं, धान्य, गॅस सिलिंडर आणि पुस्तकं वर चढवायची असतात. त्या वेळी पलंगाच्या पायाखाली दाबलेला मोठा गालिचा कोण काढणार? दरी असेल तर सातवीतला पोरगाही एका हाताने गुंडाळून माळ्यावर टाकतो. पुराच्या गढूळ पाण्यात भिजलेला, खाली फोम किंवा रबर असलेला गालिचा नंतर वाचवायचा प्रयत्नही करू नये. आतला चिखल निघत नाही आणि वास तर जन्मभर जात नाही.

फरशी खराब कशाने होते?

रग घेण्याचं एक कारण सगळे सांगतात, "फरशीला ओरखडे नकोत." कारण बरोबर आहे, पण ओरखडे कोण पाडतं ते नीट समजून घेऊ.

पाय किंवा चपला फरशी खराब करत नाहीत, त्यांच्या तळाला चिकटलेली बारीक वाळू करते. वाळूत मुख्यतः गारगोटी असते. खनिजांची कठीणता एक ते दहाच्या मापात मोजतात, त्यात गारगोटी सातवर येते. कोटा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड, त्यांची कठीणता तीनच्या आसपास. जुन्या घरांत आणि वेकोलिच्या क्वार्टरमध्ये दिसणाऱ्या मोझॅक फरशीतही संगमरवराचे तुकडेच असतात, तेही तितकेच मऊ. म्हणजे टेबलाच्या पायाखाली वाळूचा एक कण अडकला आणि टेबल सरकवलं की रेघ उमटणारच. आजच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बऱ्याच कठीण असतात, तरी चकचकीत पृष्ठभागावर रोजच्या घासण्याने चमक जाते, विशेषतः चाकाच्या खुर्चीखाली.

यातून एक गोष्ट निघते. रग टाकला की फरशी सुरक्षित झाली, असं होत नाही. पातळ विणीतून वाळू खाली झिरपते आणि रग व फरशी यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखी घासत राहते. म्हणून दोन-तीन दिवसांनी दरी उचलायची, बाहेर झटकायची आणि खालची जमीन ओल्या फडक्याने पुसायची. जी वस्तू इतक्या वेळा उचलायचा कंटाळा येईल, ती घेऊच नये.

दुसरा शत्रू रगच्या पोटाखाली असतो. घसरू नये म्हणून स्वस्त रगच्या मागे रबराचा किंवा प्लॅस्टिकसारखा थर लावतात. दुकानात तो फायद्याचा वाटतो. पण रबरातली काही रसायनं हळूहळू खालच्या टाइलमध्ये किंवा विनाइलच्या शीटमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पाडतात. हा डाग मळाचा नसतो, त्यामुळे घासून निघत नाही. उन्हाळ्याच्या उष्णतेत तोच थर चिकट होतो, काही वर्षांनी त्याचा भुगा पडतो. शिवाय तो हवा अडवतो, म्हणून खाली साचलेला ओलावा तिथेच राहतो आणि कुबट वास येतो. जुनी फरशी झाकायला गुंडाळीतून कापून मिळणारं प्लॅस्टिकचं कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकतात, त्याचंही हेच होतं.

डाग काढायला म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कोटा-शहाबादीवर अजिबात ओतू नका. चुनखडी अ‍ॅसिडमध्ये विरघळते. डाग जाईल न जाईल, दगडाची चमक मात्र नक्की जाईल.

तुमची जमीन खालून ओल धरते का, हे तपासायला पैसे लागत नाहीत. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. काढल्यावर खालच्या बाजूला थेंब दिसले तर जमिनीतून ओल येतेय. तळमजल्यावरच्या, विशेषतः जुन्या घरांत पावसाळ्यात हा प्रयोग करून बघाच. थेंब दिसले तर त्या खोलीत कोणतीच वस्तू कायमची अंथरून ठेवू नये, मग ती दरी का असेना. सकाळी उचलून दोरीवर टाकायची.

मग घ्यायचं काय?

सूत पाणी पितं, पण घरी धुता येतं, उन्हात वाळतं आणि उन्हाळ्यात पायाला गरम लागत नाही. चार बाय सहा फुटांची पातळ सुती दरी साधारण सव्वादोन-अडीच किलोची भरते, म्हणजे घरच्या वॉशिंग मशीनमध्येही मावते. तोटा एकच. तळमजल्यावर, जंगलालगतच्या गावात सुताला वाळवी लागू शकते. महिनोन्महिने न उचललेल्या सतरंजीखाली मातीच्या रेषा दिसल्या तर समजा, वाळवी पोहोचली.

पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे साध्या भाषेत प्लॅस्टिकच्या धाग्याचे रग पाणी धरत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही आणि ते लवकर वाळतात. ओल धरणाऱ्या खोलीत कमी लवेचा असा रग चालून जाईल, मात्र मागे रबर नको. पेटलेली डास-अगरबत्ती किंवा लोबानचा निखारा त्यावर पडला तर धागा वितळून भोक पडतं. गडचिरोलीत मच्छरांमुळे अगरबत्ती रोजचीच. ती कुठल्याही रगवर ठेवू नये, धातूच्या थाळीत जमिनीवर, पडद्यापासून लांब ठेवावी.

ज्यूट दिसायला सुंदर, पण पाणी लागलं की त्याचा तपकिरी रंग फरशीवर उतरतो. लोकर आपल्या हवेत गरम होते आणि कसर लागते. बांबूची चटई तर आपल्या जिल्ह्यांची खास. बुरूड कारागिरांचं काम आजही देखणं आहे आणि चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. जमिनीवर बसून अभ्यास करणाऱ्याला ती छान, पण खुर्ची ओढली की कामट्या तुटतात आणि फास पायात जाते. खुर्ची-टेबल असेल तर बांबू नको.

दरी कुठली घ्यावी? आपल्यासाठी सगळ्यात जवळचं नाव वरंगळ. बल्लारशाहहून काझीपेठकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचंच हे शहर. तिथल्या सुती दऱ्यांना २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सिरोंच्याकडच्या लोकांचं तर तेलंगणात येणं-जाणं असतंच. कर्नाटकातल्या धारवाड जिल्ह्यात नवलगुंद गाव आहे, तिथल्या दऱ्या विणण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम महिला करत आल्या आहेत. त्यांना तिकडे जमखाना म्हणतात, आणि हा शब्द आपल्या मराठीतही आहे. उत्तर प्रदेशातलं भदोही गाठी मारलेल्या गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथेही या धंद्यात मुस्लिम विणकर मोठ्या संख्येने आहेत. पण भदोहीचा गालिचा बैठकीच्या खोलीत शोभतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या, शाईपेन आणि चहाचा कप एकत्र नांदणाऱ्या खोलीत तो टाकणं म्हणजे गालिच्यावर अन्याय.

दुकानात "प्युअर कॉटन" सांगून काहीही दिलं जातं. दुकानदाराला विचारून काठाचा एक सुटा धागा घ्या आणि बाहेर येऊन जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, राख भुरभुरीत होते. प्लॅस्टिकचा धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. दुसरी परीक्षा रंगाची. पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर जोरात घासा. रुमाल लाल झाला तर पहिल्याच पावसाळ्यात तुमची फरशीही लाल होणार. मरून आणि गडद निळ्या रंगात हे जास्त होतं.

रंगाची निवड मात्र मुलांनाच करू द्या. कापड आणि माप आई-वडिलांनी ठरवावं, रंग आणि नक्षी त्यांनी. स्वतः निवडलेली वस्तू मुलं जरा तरी सांभाळतात. मुलींच्या खोलीत फिकट, एकरंगी दरी घेण्याआधी चाँदरात आठवा. मेंदीचा कोन एकदा सुती दरीवर सांडला की तो रंग निघत नाही. दाट नक्षी असेल तर डाग त्यात लपून जातो.

नमाजची खोली तीच असेल तर

नमाजसाठी जागा पाक असावी लागते, गालिचा भारी असण्याची अट कुठेही नाही. अनेक घरांत मुलं आपल्याच खोलीत नमाज पढतात, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा. घरातल्या लहान भावंडाने रगवर लघवी केली तर काय? दरी असेल तर अंगणात नेऊन तीन पाण्यांनी धुतली, पिळली, वाळवली, काम झालं. मागे फोम आणि लॅटेक्स चिकटवलेल्या जाड गालिच्यात पाणी आत जातं आणि पिळून बाहेर काढता येत नाही. वरून ओल्या फडक्याने पुसून मनाचं समाधान होतं, पण शंका राहतेच. मग तो गालिचा पाक की नापाक, यावर घरात आठवडाभर चर्चा.

जानमाज वेगळीच ठेवावी आणि नमाज झाली की घडी करून वर. खोलीच्या रगवर मुलं चपला घालून फिरतात, मित्र येऊन बसतात, बिस्किटं खातात. प्राण्यांची, कार्टूनची किंवा चेहऱ्यांची चित्रं असलेले रग किशोरवयीन मुलांना आवडतात, पण बहुतेक घरांत नमाजच्या जागी चित्र नको असतं. नंतर वाद घालण्यापेक्षा भौमितिक नक्षी आधीच दाखवा. वरंगळच्या दऱ्यांत तशी नक्षी भरपूर मिळते.

आणि वुजू करून ओल्या पायांनी आलेला मुलगा चकचकीत टाइलवर टाकलेल्या सुट्या दरीवर पाय ठेवतो तेव्हा दरी सरकते. घरात आजी-आजोबा त्या खोलीतून ये-जा करत असतील तर हा धोका लहान नाही. उपाय म्हणजे दरीची एक बाजू पलंगाच्या दोन पायांखाली दाबणं, किंवा खाली जाळीसारखं घसरणरोधक कापड घालणं. जाळीतून हवा खेळते, म्हणून सलग रबरापेक्षा ती बरी. तरी तीही महिन्यातून एकदा उचलून खाली डाग पडतोय का ते बघावं.

रग म्हणजे बिछाना नाही

इतकं सगळं वाचून एखादी गोष्ट विसरलात तरी चालेल, ही मात्र विसरू नका. मऊ रग टाकला की मुलं त्यावरच लोळत अभ्यास करतात आणि उन्हाळ्यात गार लागतं म्हणून तिथेच झोपून जातात. मुंबई-पुण्यात याला हरकत नसेल. आपले जिल्हे जंगलाचे आहेत.

मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावल्याच्या घटनांत त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही अनेकदा दिसत नाही, त्यामुळे झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलायला आणि गिळायला त्रास होतो. घरच्यांना वाटतं रात्रीचं खाणं बाधलं. त्याचं विष नसांवर काम करतं आणि शेवटी श्वास बंद पाडतं. जमिनीवर झोपलेलं मूल सकाळी अशा तक्रारी करत असेल तर ओवा-लिंबू देत बसू नका, झाडफूक करणाऱ्याकडे जाऊ नका, थेट दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत दिली जाते.

म्हणून झोपायला पलंग किंवा खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. गडचिरोलीत मलेरियासाठी मच्छरदाणी लागतेच, तीच सापापासूनही वाचवते. चादरीचं टोक जमिनीला टेकू देऊ नका. दरी पलंगाच्या पूर्ण खाली पसरू नका, पलंगासमोर टाका, म्हणजे पलंगाखालची जमीन रोज झाडता येते आणि बॅटरीच्या उजेडात एका नजरेत दिसते. गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली जाड गालिच्याची वळकटी ही विंचवासाठी उत्तम जागा. न वापरायची दरी घडी करून वर ठेवा, आणि पुन्हा अंथरताना आधी अंगणात नेऊन काठीने झटका.

माप, खुर्ची आणि धुणं

दहा बाय दहाच्या खोलीत चार बाय सहाची एकच दरी पुरते. पलंगावरून उतरल्यावर पाय तिच्यावर पडावेत आणि दार उघडताना ती अडू नये, एवढं बघा. भिंतीपासून भिंतीपर्यंत काही अंथरायची गरज नाही.

चाकाची खुर्ची दरीवर चालत नाही, दरी गोळा होऊन चाकात अडकते. माझ्या मते शाळकरी मुलाला साधी लाकडी खुर्चीच बरी. तिच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावायची आपल्याकडे सवय आहे, पण ते काळं रबर फिकट टाइलवर डाग सोडतं. त्याऐवजी जुन्या जीन्सचे दुहेरी तुकडे किंवा नमद्याच्या गोल चकत्या चिकटवा. सागवानी दिवाण आणि कपाटाच्या पायांखालीही त्याच लावा. बल्लारशाहच्या डेपोतून देशभर जाणारं आपलं सागवान वजनाला भारी, आणि सरकवलं की फरशीवर सगळ्यात लांब रेघ तेच ओढतं.

धुण्यासाठी वर्षातून तीन वेळा ठरवून ठेवा. एकदा मृग लागण्याआधी कडक उन्हात, एकदा ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर, आणि एकदा रमजानच्या आधी घर आवरताना. पावसाळ्यात धुऊ नका, वाळणार नाही. तेव्हा उघडीप मिळाली की दोन तास उन्हात टाका, तेवढं पुरे. मिठाच्या पाण्यात पहिल्यांदा भिजवली की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. पहिली धुलाई गार पाण्यात, एकटीची, आणि वाळवताना सावलीत उलटी बाजू वर करून. दरी दोन्हीकडून सारखी असल्यामुळे दर महिन्याला उलटून टाकली तर झीज वाटून जाते, आणि खुर्चीखालचा भाग आधी फाटत नाही.